टीव्हीवरील शिवीगाळीविरुद्ध तक्रार कशी करावी : इंदूरच्या मराठी घरांसाठी

राजेंद्रनगरात, रामबागेत किंवा सुदामानगरात संध्याकाळी सात ते दहा या वेळात टीव्ही लागतो, तेव्हा आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे बहुधा एकाच खोलीत बसलेली असतात. मराठी मालिका संपते, हिंदी विनोदी कार्यक्रम सुरू होतो, मधल्या जाहिरातींच्या वेळी कोणीतरी बातम्या लावतो, आणि या सगळ्यात कुठेतरी असा एखादा शब्द कानावर पडतो की रिमोटकडे हात जातो. चीड येते, सेन्सॉर बोर्ड झोपले आहे का असे कोणीतरी विचारतो आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक या चिडीला वाट करून देणारी रीतसर व्यवस्था आपल्या देशात आहे. इंदूरमध्ये राहून एका पैशाचाही खर्च न करता ती वापरता येते. मात्र तक्रार नेमकी असावी लागते. 'कार्यक्रम बंद करा' अशी मागणी बहुधा फेटाळली जाते. याउलट अमुक मिनिटाचा अमुक शब्द मुलांच्या वेळेत नको, एवढेच मागणाऱ्या तक्रारीला उत्तर देणे वाहिनीला टाळता येत नाही.

सेन्सॉर बोर्डाचे काम कुठे संपते

ज्याला आपण सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली चालते आणि त्याचा संबंध चित्रपटांशी आहे. मालिका, रिअॅलिटी शो, विनोदी कार्यक्रम, बातम्या आणि चर्चा यांपैकी काहीही प्रक्षेपणापूर्वी या मंडळापुढे जात नाही. टीव्हीवर पूर्वतपासणी नाही, आधी दाखवायचे आणि तक्रार आल्यावर पाहायचे अशी रचना आहे. म्हणून मालिकेतील शिवीबद्दल मंडळाला पत्र लिहिणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे होय.

चित्रपट टीव्हीवर दाखवला जातो तेव्हा मात्र मंडळाचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरते. केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेला चित्रपट जसाच्या तसा टीव्हीवर दाखवता येत नाही. त्यात काटछाट करून नव्याने प्रमाणपत्र घ्यावे लागते. हे बंधन प्रत्यक्षात उतरण्यामागे एका शिक्षिकेचा पाठपुरावा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली आणि २००५ मध्ये न्यायालयाने प्रौढांसाठीचे चित्रपट टीव्हीवर दाखवण्यास आळा घातला. एका सामान्य नागरिकाच्या चिकाटीने देशभरच्या वाहिन्यांना शिस्त लागू शकते, हे सांगण्यासाठी मला यापेक्षा चांगले उदाहरण ठाऊक नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' या प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत, त्यामुळे चित्रपट सुरू होताना पडद्यावर कोणता टप्पा दिसतो तेही पाहून ठेवावे.

तक्रारीचा आधार

खासगी वाहिन्यांना लागू असलेला मुख्य कायदा म्हणजे केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा, १९९५. त्याच्या कलम ५ नुसार प्रत्येक कार्यक्रम 'कार्यक्रम संहिते'त बसला पाहिजे, आणि ही संहिता केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ६ मध्ये दिलेली आहे. आपल्या कामाची त्यातील काही पोटकलमे अशी आहेत. ६(१)(ए) अभिरुची आणि सभ्यता यांना धक्का देणाऱ्या कार्यक्रमांबद्दल आहे. ६(१)(के) स्त्रियांची आणि ६(१)(एल) मुलांची अवहेलना करणाऱ्या कार्यक्रमांबद्दल आहे. ६(१)(एम) विशिष्ट वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक समूहांना हिणवणाऱ्या शब्दांबद्दल आहे. ६(४) नुसार मुलांसाठीच्या कार्यक्रमांत वाईट भाषा नसावी याची काळजी घ्यावी लागते, आणि ६(५) नुसार मुलांसाठी अयोग्य असलेले कार्यक्रम सर्वाधिक मुले टीव्ही पाहत असतात त्या वेळी दाखवता येत नाहीत.

या यादीत मी 'अश्लीलता' हा आधार मुद्दाम घेतलेला नाही, जरी ६(१)(डी) मध्ये तो आहे. आपल्यापैकी पुष्कळजण तक्रारीची सुरुवातच 'अत्यंत अश्लील भाषा' अशा शब्दांनी करतात आणि तिथेच तक्रार कमकुवत होते. एका वेबमालिकेतील शिव्यांबद्दलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केले की भाषा शिवराळ, असभ्य किंवा किळसवाणी असली तरी तेवढ्यावरून ती कायद्याच्या अर्थाने अश्लील ठरत नाही; अश्लीलतेसाठी कामुक भावना चाळवण्याचा अंश असावा लागतो. रागाच्या भरात दिलेल्या आईबहिणीवरच्या शिवीत शब्दशः अर्थ लैंगिक असला तरी बोलणाऱ्याचा हेतू तसा नसतो, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. म्हणून आपली तक्रार अश्लीलतेवर उभी करू नये. ती सभ्यतेवर, वेळेवर आणि बालप्रेक्षकांवर उभी करावी. तिथे आपली बाजू भक्कम असते.

आणखी एक विवेक तक्रार करण्यापूर्वी करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक शिवी सारखी नसते. गावगुंडाची भूमिका करणारे पात्र रात्री उशिरा दाखवल्या जाणाऱ्या गंभीर कथेत शिवी देते, तेव्हा ती त्या माणसाची ओळख असते. मराठी नाटकाने आणि दलित साहित्याने अशी भाषा पुढे आणताना जे सोसले ते आपल्याला विसरता येणार नाही. विनोदी कार्यक्रमात हशा मिळवण्यासाठी रात्री आठ वाजता एखाद्या स्त्रीच्या शरीरावरून केलेली शेरेबाजी, बातम्यांच्या चर्चेत पाहुण्याने दुसऱ्याला दिलेली जातिवाचक शिवी, किंवा मुलांच्या गायनस्पर्धेत परीक्षकाच्या तोंडून निसटलेला शब्द, हे मात्र वेगळे आहे. तेथे शिवी कथेची गरज म्हणून येत नाही, बेफिकिरीतून येते. पहिल्या प्रकारात फार तर प्रक्षेपणाच्या वेळेबद्दल किंवा पूर्वसूचनेबद्दल लिहावे. दुसऱ्या प्रकारात तक्रार अवश्य करावी. जातिवाचक अपमानाचे प्रकरण असेल तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा स्वतंत्र मार्गही आहे, पण त्यासाठी वकिलाचा सल्ला आवश्यक आहे.

नोंद त्याच रात्री करावी

चीड निवळली की तपशील विसरला जातो, म्हणून कागद-पेन घेऊन लगेच लिहावे: वाहिनीचे पूर्ण नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख, घड्याळातील वेळ मिनिटासह, भाग पहिल्यांदा दाखवला जात होता की पुनःप्रक्षेपण होते, शब्द कोणी, कोणाला उद्देशून आणि किती वेळा वापरला. एकाच मालकीच्या वाहिन्यांची नावे एकमेकांशी मिळतीजुळती असतात आणि साध्या व एचडी आवृत्त्या वेगळ्या असतात. वाहिनीचे नाव चुकले तर तक्रार परत येते.

बीप होता का, हेही नीट ऐकावे. बीपमुळे शिवी झाकली गेली असे वाहिनी उत्तरात लिहील, पण बऱ्याचदा बीप अक्षरभर उशिरा वाजतो, शब्दाचे पहिले अक्षर आणि शेवट दोन्ही स्पष्ट ऐकू येतात, ओठांवरून शब्द कळतो आणि खाली सबटायटल्समध्ये तोच शब्द तारांकने टाकून किंवा पूर्ण छापलेला असतो. यांपैकी जे घडले ते स्वतंत्रपणे नोंदवावे. शक्य झाल्यास मोबाइलवर पडद्याचे काही सेकंदांचे चित्रीकरण करून ठेवावे, मात्र ते समाजमाध्यमांवर पसरवू नये. जो शब्द मुलांच्या कानी पडू नये असे आपण म्हणतो तोच आपण शंभर फोनांवर पोहोचवण्यात काही अर्थ नाही. चित्रीकरण जमले नाही तरी बिघडत नाही. प्रक्षेपित झालेल्या मजकुराची नोंद ९० दिवस जपून ठेवण्याचे बंधन वाहिन्यांवर असते, त्यामुळे आपण मिनिट अचूक दिले की पडताळणी करणे त्यांना शक्य असते. तरीही तक्रार आठवडाभरात पाठवावी, विशेषतः बातम्यांच्या वाहिनीबद्दल असेल तर.

पत्र कसे लिहावे

शब्द एकदा पूर्ण लिहावा. संकोचापोटी नुसते 'अपशब्द' असे लिहिले तर वाचणाऱ्याला कोणत्या शब्दावर आक्षेप आहे तेच कळत नाही. मराठी वाहिनीला मराठीत लिहावे. हिंदी वाहिनीला आणि दिल्लीतील संस्थांना लिहिताना हिंदी किंवा इंग्रजी वापरावी, आणि शिवी मराठी असेल तर तिचा अर्थ व बोलीतील जहालपणा एका वाक्यात समजावून द्यावा. मजकूर साधारण असा असावा:

'महोदय, आपल्या वाहिनीवर दिनांक … रोजी रात्री ८ वाजून १२ मिनिटांनी … या कार्यक्रमाच्या भागात एका स्पर्धकाने दुसऱ्या स्पर्धकाच्या आईला उद्देशून "…" हा शब्द दोनदा उच्चारला. पहिल्या वेळी आवाज झाकलेला नव्हता. दुसऱ्या वेळी बीप होता, परंतु सबटायटल्समध्ये शब्द पूर्ण छापलेला होता. या वेळेत घरांमध्ये मुले टीव्ही पाहत असतात आणि कार्यक्रमापूर्वी कोणतीही सूचना दाखवलेली नव्हती. माझ्या मते यामुळे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ६(१)(ए), ६(१)(के) आणि ६(५) यांचा भंग झाला आहे. पुनःप्रक्षेपणापूर्वी हा शब्द आवाजातून आणि सबटायटल्समधून काढावा, आणि अशा आशयाचे भाग उशिराच्या वेळेत दाखवावेत, अशी विनंती आहे. आपला निर्णय लेखी कळवावा.'

खाली नाव, पत्ता, फोन आणि तारीख द्यावी. निनावी तक्रारीवर कोणी काम करत नाही. कोणाला तुरुंगात टाका असे लिहू नये. या कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद २०२३ मध्ये काढून टाकण्यात आली असून तिच्या जागी समज, ताकीद आणि आर्थिक दंड यांसारखे उपाय आले आहेत. आपली मागणी या उपायांच्या चौकटीत बसणारी असली की तक्रार गांभीर्याने वाचली जाते.

तीन पायऱ्या

१७ जून २०२१ रोजी नियमांत दुरुस्ती झाली आणि तक्रारीचा मार्ग तीन पायऱ्यांचा ठरला. पहिली पायरी म्हणजे स्वतः वाहिनी. प्रत्येक वाहिनीने तक्रार अधिकारी नेमायचा असतो आणि त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत तो सापडतो. तक्रार मिळाल्यापासून २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय मिळाला पाहिजे. पोच आली नाही तर तेच पत्र पुन्हा पाठवून दोन्ही तारखा जपाव्यात, कारण पुढच्या पायरीवर या तारखाच कामाला येतात.

उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर १५ दिवसांच्या आत दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ती वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे, अपील करावे. मनोरंजन वाहिन्यांसाठी २०११ पासून काम करणारी ब्रॉडकास्टिंग कंटेंट कम्प्लेंट्स कौन्सिल, म्हणजेच बीसीसीसी, ही सर्वांत परिचित संस्था आहे; न्यायमूर्ती ए. पी. शाह हे तिचे पहिले अध्यक्ष होते. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत कार्यक्रमांचे सर्वसाधारण आणि मर्यादित असे दोन वर्ग केलेले असून मर्यादित वर्गातील कार्यक्रम रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेतच दाखवायचे असतात. रात्री साडेआठच्या शिवराळ कार्यक्रमाविरुद्ध लिहिताना हा मुद्दा आवर्जून मांडावा. बातम्यांच्या बहुतेक मोठ्या वाहिन्यांसाठी न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी, म्हणजेच एनबीडीएसए, ही वेगळी संस्था आहे. काही वाहिन्या अन्य संघटनांच्या सदस्य असतात, म्हणून संकेतस्थळावर संस्थेचे नाव तपासूनच अपील पाठवावे. या संस्थेने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ती वाहिनीला ताकीद देऊ शकते, माफी मागायला लावू शकते, सूचनापट्टी दाखवायला सांगू शकते.

तिसरी पायरी केंद्र सरकारची. दुसऱ्या पायरीवरील निर्णयानंतर १५ दिवसांत माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अपील करता येते आणि तेथे आंतरविभागीय समिती ते पाहते. शिवीच्या साध्या प्रकरणात इथवर जाण्याची वेळ क्वचित येते. पहिल्या पायरीवरच पुनःप्रक्षेपणातून शब्द निघाला तर आपले काम झाले असे समजावे.

जाहिरातीतील भाषेबद्दलची तक्रार मुंबईच्या अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाकडे ऑनलाइन करता येते. दूरदर्शनबद्दल प्रसार भारतीला लिहावे.

इंदूरच्या स्थानिक केबल वाहिन्या

उत्सव, कविसंमेलने, मिरवणुका आणि नगरवार्ता दाखवणाऱ्या स्थानिक केबल वाहिन्यांवरही कार्यक्रम संहिता लागू असते. हास्यकविसंमेलनाच्या थेट प्रक्षेपणात मंचावरून आलेला शब्द गाळण्याची सोय त्यांच्याकडे बहुधा नसते आणि त्यांच्यासाठी दिल्लीच्या संस्था फारशा उपयोगी पडत नाहीत. येथे जिल्ह्याचा मार्ग धरावा. कायद्याने जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त यांना 'प्राधिकृत अधिकारी' म्हटले आहे. इंदूरमध्ये डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय असल्यामुळे आपल्याकडे हे तिन्ही अधिकारी उपलब्ध आहेत. जिल्हास्तरीय देखरेख समितीची तरतूदही आहे, जिचे अध्यक्षपद जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे असते आणि जिच्यात महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या व मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी अपेक्षित असतात.

प्रथम केबलचालकाला समक्ष भेटून लेखी पत्र द्यावे आणि प्रतीवर सही घ्यावी. गल्लीतल्या ग्राहकाचे बोलणे तो सहसा मानतो. त्याने दुर्लक्ष केले तर मंगळवारी मोती तबेल्यातील कलेक्टर कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईत हिंदीत लिहिलेला अर्ज द्यावा. अर्जात समितीचा स्पष्ट उल्लेख करावा, अन्यथा तो भलत्याच विभागाकडे जातो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. जाणे शक्य नसेल अशा ज्येष्ठांना १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरही नोंद करता येते. आपल्या वस्तीतील महिला मंडळाने किंवा ज्येष्ठ नागरिक संघाने एकत्र अर्ज दिला तर उत्तम, पण सगळ्यांच्या सह्या एका अर्जाखाली असाव्यात. एकाच मजकुराच्या अनेक छायाप्रती दिल्याने वजन वाढत नाही.

निर्णय येईपर्यंत घरात

पंधरा दिवस, साठ दिवस असा हिशेब चालू असताना मुले टीव्ही पाहतच असतात. म्हणून सेट-टॉप बॉक्सच्या सेटिंगमध्ये पॅरेंटल लॉक सुरू करावे. त्यात एखादी वाहिनी पिन टाकल्याशिवाय लागणार नाही अशी सोय असते. कंपनीने दिलेला मूळ पिन बहुधा ०००० किंवा १२३४ असा असतो आणि मुलांना तो आपल्याआधी ठाऊक असतो, त्यामुळे तो बदलावा. नव्या पिनमध्ये जन्मसाल वापरू नये. हे कुलूप फक्त त्या बॉक्सपुरते असते. तीच वाहिनी मोबाइलच्या अॅपवर किंवा स्मार्ट टीव्हीच्या यूट्यूबवर उघडीच राहते, तेथे स्वतंत्र सेटिंग करावे लागते. एखादी वाहिनी नकोशीच झाली असेल तर ती पॅकेजमधून काढून टाकावी. इंदूरच्या घरांत बहुतेकदा मराठी वाहिन्या आपण निवडून घेतलेल्या असतात, मग न आवडणारी वाहिनीही आपणच निवडून वगळू शकतो, आणि ग्राहक कमी होणे ही गोष्ट कोणत्याही वाहिनीला पत्रापेक्षा लवकर समजते.

मुलाने ऐकलेला शब्द घरात उच्चारला तर हसू नये आणि मारूही नये. हसल्याने शब्द गंमतीचा होतो, मारल्याने तो मौल्यवान होतो. त्या शब्दाने कोणाचा अपमान होतो ते त्याच्या वयाला समजेल इतक्या साध्या भाषेत सांगावे.

ओटीटीची गोष्ट वेगळी आहे, कारण तेथे केबलचा कायदा आणि वरच्या पायऱ्या लागू होत नाहीत. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत वयानुसार पाच वर्ग सांगितले असून कार्यक्रमाच्या सुरुवातीला डाव्या कोपऱ्यात वर्ग आणि 'भाषा', 'हिंसा' असे शब्द दिसतात. 'भाषा' हा शब्द दिसला की शिव्या आहेत असे समजावे. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करावे आणि मोठ्यांच्या प्रोफाइललाही पिन लावावा, कारण मुलांचे प्रोफाइल केले तरी एका बटणावर मोठ्यांच्या प्रोफाइलमध्ये जाता येते. वर्ग चुकीचा लावला आहे असे वाटले तर त्या मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याला भागाचा क्रमांक आणि मिनिट देऊन लिहावे, आणि मागणी वर्ग बदलण्याची करावी.